तारांची योजना

माघी गणेशोत्सवास आमचा पुतण्या मुंबईहून हेदवीस आला, तो एका मोठ्या कचेरीचा नकाशा बरोबर घेऊनच. सात मजले, चारशें मेजें आणि प्रत्येक मेजावर संगणक व दूरध्वनि. या सर्वांच्या तारांची योजना त्याच्याकडे आहे. दशभुज गणेशाचें दर्शन उरकून त्यानें ओटीवर नकाशा पसरला.

संगणकाच्या तारेंत तांब्याच्या आठ तारा असतात. दोन-दोनांस पीळ घालून त्यांच्या चार जोड्या करितात. बाहेरचा विद्युत्-गोंगाट जोडींतील दोहोंवर सारखाच पडतो व कटून जातो. या तारेची मर्यादा शंभर मीटर. त्यांतले नव्वद भिंतींतून, बाकीचे दोन्हीं टोकांच्या सुट्या तारांस. म्हणून दर मजल्यावर मध्यभागीं एक लहानशी खोली हवी, आणि या खोल्या परस्परांस कांचतंतूंनीं जोडावयाच्या. घर बांधणारास ही खोली बहुधा आठवतच नाहीं. मग शौचकूपाशेजारचा ओलसर कोपरा तिच्या वांट्यास येतो!

नवे दूरध्वनि याच तारेवरून बोलतात व वीजहि तींतूनच घेतात. येथें आम्हांस शंका आली. पावसाळ्यांत गांवची वीज गेली तरी आमचा जुना दूरध्वनि बोलत असे, कारण त्यास केंद्रांतील ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची वीज तारेनेंच पोंचे.

"या कचेरींतली वीज गेली म्हणजे?" आम्हीं विचारलें.

"काका, यूपीएस आहे ना. अर्धा तास सहज निभेल."

"तें कोठें बसविलें आहेस?"

"तळमजल्यावर, मुख्य यंत्रांपाशीं."

म्हणजे मजल्या-मजल्यावरील स्विच नांवाच्या पेट्या बंद, आणि त्यांवर जगणारे दूरध्वनीहि मुके! सातव्या मजल्यावरच्या मनुष्यानें हांक कोणास मारावी? खिशांतला मोबाइल आहे म्हणावें, तर जाड भिंतींआड तो नेहमींच साथ देतो असें नाहीं.

ही शंका रिकामपणाची नव्हे. २१ जून २०१२ रोजीं मुंबईंत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली व वरच्या मजल्यांवर पसरली. पांच माणसें दगावलीं, दप्तरेंहि पुष्कळ जळालीं. तारांसाठीं छतांत पाडलेलीं भोंकें उघडीं राहिलीं तर धुरास तीच वाट सांपडते. तीं अग्निरोधक लेपानें बुजविलींच पाहिजेत. कांचतंतूहि दोन असावे, आणि दोन निरनिराळ्या जिन्यांकडून न्यावे. एकाच नळींतून दोन नेले तर दोन असून काय उपयोग?

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग त्यानें पेन्सिल घेऊन दर मजल्याच्या खोलींत एकेक बॅटरी काढली.

"मालक खर्चावरून कुरकुरतील," तो म्हणाला.

"कुरकुरूं देत. ती भोंकें कोठें दाखविलीं आहेस, तेवढें अगोदर सांग," आम्ही म्हणालों. तीं नकाशांत नव्हतींच.