सत्कार पुरे, सहीचं बोला

मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात महिला दिनाचा कार्यक्रम बहुधा दुपारी तीनला ठेवतात. ओपीडी आटोपलेली असते, डॉक्टर मंडळी जरा मोकळी असतात. सकाळपाळीच्या सिस्टर तोवर हँडओव्हर देऊन बस धरायला पळालेल्या असतात, दुपारपाळीच्या नुकत्याच वॉर्डात शिरलेल्या असतात आणि रात्रपाळीच्या घरी झोपलेल्या असतात. म्हणजे त्या इमारतीत सगळ्यात जास्त संख्येनं राबणाऱ्या बायका सोडून बाकी सगळे सभागृहात हजर. अधिसेविका, म्हणजे तुमच्या भाषेत मेट्रन, म्हणून मीही तिथल्या व्यासपीठावर बसले आहे. शाल घेतली, फोटोत उभी राहिले. आता निवृत्त आहे, त्यामुळे मनातलं बोलायला हरकत नाही.

बाई मोठ्या पदावर बसली याचा आनंद मला होतोच. पण आपण साजरं काय करतो? ती खुर्चीत बसली हे. बसल्यावर तिनं काय ठरवलं आणि ठरवायला तिच्या हातात होतं तरी काय, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते पदाची किंमत त्या पदाच्या सहीनं काय हलतं यावर ठरते. सहीनं काहीच हलत नसेल, तर ते पद नुसतं ओझं आहे.

आपल्याकडे हे फार पूर्वी कोणाला तरी कळलं होतं. मुंबईचं कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झालं. पेस्तनजी कामा यांनी देणगी दिली. त्याआधी सोराबजी शापूरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांनी निधी उभारायला सुरुवात केली होती. बायकामुलांसाठीच्या या रुग्णालयाचा कारभार स्त्री डॉक्टरांच्या हातात राहील, ही मूळ अटच होती. म्हणून विलायतेहून डॉ. एडिथ पेची आल्या. एडिनबर्गला वैद्यक शिकू पाहणाऱ्या आणि त्यासाठी शिव्याशाप खाल्लेल्या पहिल्या सात जणींपैकी त्या एक. पुढे १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा रुग्णालयाची धुरा डॉ. जेरुशा झिराड यांच्याकडे होती. त्या बेने इस्रायली, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेल्या, लंडनहून प्रसूतिशास्त्रात एम.डी. करून आलेल्या. बाईला अधिकार द्यायचा हे एकदा कागदावर आलं, की तो पेलणाऱ्या बायका मिळतात. मिळत नाहीत ही तक्रार कागद कोरा ठेवणाऱ्यांची असते. आज हेच कामा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या समूह रुग्णालयांपैकी एक आहे.

दुसरं उदाहरण सायनचं. लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय, धारावीला लागून. नवजात शिशु विभागाच्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे १९८९ मध्ये मानवी दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. ऐकायला भावनिक वाटतं, पण काम अगदी काटेकोर आहे. दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ-बी, सिफिलिस अशी रक्ततपासणी होते. मग ते दूध साडेबासष्ट अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवायचं, झपकन थंड करायचं, जंतुतपासणीला नमुना पाठवायचा आणि बाकीचं उणे वीस अंशांवर गोठवून ठेवायचं. आईला दूध उतरत नसेल किंवा आईच हयात नसेल, तर त्या हजार-बाराशे ग्रॅमच्या बाळाला पावडरीच्या डब्याऐवजी हे मिळतं. यात मोठा शोध नव्हता, तंत्र जगाला माहीत होतं. लागला तो निर्णय: एका गर्दीनं फुटलेल्या पालिका रुग्णालयात यासाठी जागा, फ्रिज आणि माणसं अडकवायची. डॉ. फर्नांडिस पुढे या रुग्णालयाच्या मेडिकल कॉलेजच्या अधिष्ठाता झाल्या. त्याच कॉलेजच्या अधिष्ठातापदावरून बालशल्यविशारद डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या आणि विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर आईचं नाव यावं, हा आग्रह त्यांनी तडीस नेला. दोघींचंही कौतुक करताना आपण त्यांची कामं सांगतो, हे बघा. त्या 'महिला असूनही' तिथे पोचल्या, असं सांगावंच लागत नाही.

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूपदावर आधी डॉ. मृदुला फडके आणि २०२१ मध्ये लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर आल्या. दोघीही बालरोगतज्ज्ञ. म्हणजे वर वाट नाही असं मी म्हणणार नाही. पण या विद्यापीठाखाली वैद्यकाबरोबर नर्सिंगचीही कॉलेजं आहेत. त्या खुर्चीत एखादी परिचारिका बसलेली मी तरी पाहिलेली नाही. आणि माझा मुद्दा इथूनच सुरू होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांत सुमारे सत्तर टक्के बायका आहेत, पण वरच्या पदांवर जेमतेम पंचवीस टक्के. जगभरच्या परिचारिकांमध्ये तर दहांतल्या नऊ बायका. आपल्या सरकारी रुग्णालयातली उतरंड अशी: अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, तिच्यावर परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका. नावं भारदस्त आहेत. आता यांच्या हातात काय असतं ते सांगते.

परिसेविकेच्या टेबलावर एक जाडजूड वही असते, डेडस्टॉक रजिस्टर. खाटा, लॉकर, सलाइनचे स्टँड, बेडपॅन, चादरी, सगळं तिच्या नावावर. एक सक्शन मशीन हरवलं, दहा चादरी कमी भरल्या, तर जबाबदार ती. बदली झाली किंवा निवृत्ती आली की चार्ज देताना एकेक वस्तू मोजून द्यायची, तेव्हा कुठे ना-देय दाखला मिळतो. कमी पडेल त्याची वसुली होते. चादरी तर पेशंटबरोबर एक्स-रेला जातात, ऑपरेशनला जातात, कधी मृतदेहाबरोबर जातात आणि परत येत नाहीत. मी नोकरी केलेल्या एका रुग्णालयात निवृत्तीला आलेल्या सिस्टर पदरचे पैसे घालून बाजारातून चादरी आणायच्या आणि आकडा जुळवायच्या. मॅडम, पेन्शन अडकायला नको, एवढंच म्हणायच्या.

याच परिसेविकेच्या वॉर्डातलं सक्शन मशीन रात्री दोनला बंद पडलं, तर ते दुरुस्त करून घ्यायला शंभर रुपये खर्चायचा अधिकार तिला नाही. तिनं लेखी द्यायचं. ते सहायक अधिसेविकेकडे, मग माझ्याकडे, मग वैद्यकीय अधीक्षकांकडे, तिथून भांडार आणि मग अधिष्ठाता. पेशंटच्या घशात घुरघुर आत्ता चालू असते. मग सिस्टर काय करते? मामाला, म्हणजे वॉर्डबॉयला, पाठवून शेजारच्या वॉर्डातून मशीन ओढत आणते, तिथल्या सिस्टरला म्हणते, पहाटे परत करते गं. रेसिडेंट डॉक्टर म्हणतात, सिस्टर, झालं काम. हे सगळं कोणत्याही कागदावर नसतं. मोठी रुग्णालयं रात्री चालतात ती या उधार-उसनवारीवर. वसुलीपुरती आमची सही चालते, खर्चापुरती चालत नाही.

आमच्याकडे एक अधिष्ठाता मॅडम आल्या. त्यांनी केलेलं काम कोणत्याही मानपत्रात नव्हतं, म्हणून इथे सांगते. फाटकी चादर फेकून देता येत नाही. तिचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे समितीनं बसून ती बाद ठरवून वहीतून उतरवायची. समिती बसतच नसे. त्यामुळे प्रत्येक वॉर्डात एक कपाट फाटक्या चादरींच्या गाठोड्यांनी, मोडक्या स्टँडनी भरलेलं. फेकलं तर आकडा कमी, ठेवलं तर जागा नाही. मॅडमनी राउंडला ते कपाट उघडायला लावलं, गाठोडं स्वतः सोडून बघितलं आणि विचारलं, हे कशासाठी जपून ठेवलंय? आम्ही कारण सांगितलं. त्यांनी निर्लेखन समितीची बैठक दर तिमाहीला लावली आणि त्या समितीत अधिसेविकेला बसवलं. कपाटं रिकामी झाली. आमच्या मेडिसिन वॉर्डात त्या जागी क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची ट्रॉली, ठेवली, जी आधी खाटांच्या मागे अडकून पडायची. त्या ट्रॉलीवरची औषधं आता हात लांबवला की मिळू लागली. एका सहीनं एवढं होतं. याला मी नेतृत्व म्हणते.

कोणी म्हणेल, बघा, बाई आल्या म्हणून झालं. तसं नाही. नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून आलेली सिस्टर रात्रपाळी बदलून मागायला आली, तेव्हा 'आम्ही नाही का केलं?' म्हणून तिला परत पाठवणाऱ्या वरिष्ठ बायकाही मी पाहिल्या. ड्युटी लिस्टमध्ये मर्जीतल्यांना रविवारचा ऑफ देणाऱ्याही. आणि परिचारिकांच्या अडचणी जीव लावून सोडवणारे पुरुष अधीक्षकही भेटले. बाई म्हणून कोणी आपोआप शहाणं होत नाही. पण बायकांच्या कामाची नस जिला माहीत आहे, ती निर्णयाच्या टेबलावर नसली, की काही गोष्टी कोणाच्या लक्षातच येत नाहीत.

अरुणा शानबागचं नाव इथे घ्यावंच लागेल. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली होती, तिथे तिच्यावर हल्ला झाला. त्यानंतर जवळपास बेचाळीस वर्षं, २०१५ मध्ये जाईपर्यंत, ती शुद्ध हरपून अंथरुणाला खिळली होती आणि केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. २०११ मध्ये इच्छामरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तिच्या वतीनं बोलण्याचा अधिकार याचिका करणाऱ्या लेखिकेला नाही, तर केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. देशातलं सर्वांत मोठं न्यायालय परिचारिकांचा शब्द मानतं. पण परिचारिकांनी कपडे कुठे बदलायचे, हे इमारतीचा नकाशा काढताना त्यांना विचारलं जात नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजात ड्युटीवरच्या निवासी डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, तेव्हाही प्रश्न तोच होता: रात्रपाळीत टेकायला जागा कुठे? अर्ध्या शतकानंतर!

आणि पद नसताना निर्णय घेणारी बाई बघायची असेल तर पुन्हा कामा रुग्णालयातच जा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी आत शिरले, तेव्हा अंजली कुलथे प्रसूतिपूर्व कक्षात ड्युटीवर होत्या. साधी स्टाफ नर्स. त्यांनी दारं लावून घेतली, वीस गरोदर बायकांना कक्षाच्या टोकाच्या पँट्रीत नेलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर गोळीबार चालू असताना भिंतीच्या कडेकडेनं तिला प्रसूतिगृहात पोचवलं. पुढे त्या अतिरेक्यांपैकी कसाबला ओळखायला त्या उभ्या राहिल्या आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या. त्या रात्री त्यांनी परवानगीसाठी कोणाला लेखी दिलं नाही, हे नशीब.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. परिसेविकेला वॉर्डातल्या किरकोळ दुरुस्तीसाठी महिन्याला ठराविक रक्कम खर्चायचा अधिकार द्या. हिशेब आम्ही पैशापैशाचा देऊ, सवय आहे. खरेदी समितीत आणि बांधकामाच्या नकाशाच्या बैठकीत अधिसेविकेला मतासह जागा द्या, चहापाण्याच्या व्यवस्थेसाठी नको. चादरींची वसुली बंद करा. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. एकट्या सिस्टरवर अख्खा वॉर्ड टाकून तिच्याकडून नेतृत्वगुणांची अपेक्षा करू नका, ती इंजेक्शनांतूनच मान वर काढू शकत नाही.

शेवटची मागणी जुनी आहे, परिचारिकांच्या संघटना ती वर्षानुवर्षं करत आल्या आहेत: परिचर्येसाठी स्वतंत्र संचालनालय, आणि त्यावर परिचारिका संचालक. बी.एस्सी. नर्सिंगच्या मुली मला विचारतात, मॅडम, या लाइनीत शेवटी काय होता येतं? मी म्हणते, अधिसेविका. मग त्यांचा दुसरा प्रश्न येतो, आणि तिला काय ठरवता येतं? तेव्हा मी ड्युटी लिस्ट म्हणते आणि त्या हसतात. पोरी हुशार आहेत. शिडी कुठे संपते हे बघूनच त्या पासपोर्ट काढतात.