सोन्याच्या पेढ्या आणि बंद शाळा

बँकॉकच्या यावरात रस्त्यावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही बाजूंना सोन्याच्या पेढ्या, वर चिनी अक्षरांच्या पाट्या. बँकेतल्या माणसाची खोड. आम्ही आधी भाव पाहिला! तिथे सोने ‘बाट’ या वजनावर विकतात, म्हणजे साधारण १५.२ ग्रॅम.

१७८२ मध्ये राजवाड्यासाठी जागा सोडून चिनी लोक इथल्या सांपेंग भागात आले. तेओच्यू, हक्का, कँटनी, हैनानी, होक्कियन अशा पाच बोलींच्या मंडळींनी विसाव्या शतकाच्या आरंभी एकत्र येऊन तिएन फा हे धर्मादाय रुग्णालय काढले. ते आजही चालू आहे. चिनी शाळा मात्र फिबून सरकारने १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून धडाधड बंद केल्या. आता पेढीवरची तरुण पोरे थाईच बोलतात. पाटी तेवढी आजोबांच्या भाषेत.

तिथे सरकारने बळ वापरले. आपल्याकडे मराठी शाळांचा पट घसरतो, त्याला पालकांची इंग्रजी माध्यमाची ओढही कारण आहे, हे मंडळाच्या सभेत कोणी बोलत नाही. उत्सवाच्या वर्गणीतला काही भाग मराठी शाळेतल्या मुलांच्या रिक्षाभाड्यासाठी राखून ठेवावा, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. अनुमोदक हवा आहे.