लांडगा कोणी पाहिला?

मागच्या थंडीत आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. अंधार, गाडीचा उजेड, रस्ता ओलांडणारं एक जनावर. खाली लिहिलेलं, 'लांडगे फार वाढलेत, पोरं सांभाळा.' माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील मेंढरं घेऊन फिरतात. त्याला दाखवला, तर म्हणाला, "सर, हे तरस आहे. पाठ बघा की, मागं उतरती." ग्रुपवरच्या एवढ्या शिकलेल्या माणसांना ते दिसलं नव्हतं. मलाही नाही.

हजरत यूसुफ यांचा किस्सा आपल्या घराघरांत माहीत आहे. भाऊ खोटं रक्त लावलेला कुर्ता बापापुढे ठेवतात आणि सांगतात, भेडियाने खाल्लं. लांडग्याने काही केलेलंच नसतं. न केलेल्या गुन्ह्यासाठी नाव घेतलं जाणं म्हणजे काय, हे या ब्लॉगच्या वाचकांना मी वेगळं सांगत नाही.

'वाढलेत' म्हणणाऱ्यांनी मोजले कधी? भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये देशभरात सुमारे ३,१०० लांडगे असल्याचा अंदाज मांडला. त्यात महाराष्ट्राचे ३९६. त्याच वर्षीच्या गणनेत राज्यातले वाघ ४४४ होते. म्हणजे आपल्याकडे लांडगा वाघापेक्षा कमी, पण वाघासाठी जंगल राखीव आणि लांडग्याच्या माळरानाची नोंद 'पडीक जमीन'. पडीक म्हटलं की प्लॉट पाडायला मोकळे. माळ तुटला की जनावर रस्त्यावर दिसतं, आणि जास्त दिसलं म्हणजे वाढलं असं आपण समजतो.

इंग्रजांच्या काळातही शिकारी लांडग्याचा माग काढत होते, पण बक्षिसासाठी. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेले. त्याच सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि पुढे पारध्यांच्या माथी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. १९५२ ला कायदा गेला. शिक्का मात्र अजून पोलीस चौकीपासून शाळेच्या बाकापर्यंत आहे. मग १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली. ते योग्यच झालं. पण माळावरचा प्रत्येक ठसा ओळखणाऱ्या माणसाचं ज्ञानही संशयास्पद ठरलं.

फिनलंडमध्ये लांडग्यांच्या नोंदी ठेवणारे स्वयंसेवक बरेचसे शिकारीच आहेत. दिसलेला लांडगा, बर्फातले ठसे, सगळं ते कळवतात. शास्त्रज्ञ त्याला विष्ठेतल्या डीएनएची जोड देऊन संख्या काढतात. आपल्याकडेही अगदीच शून्य नाही. वाशीम-अकोल्याकडे 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन माळ राखायचं काम करते. मग गौताळ्याच्या आसपास, कन्नड-खुलताबादकडे, धनगर आणि पारधी तरुणांना रोजंदारीवर माग काढायला का घेऊ नये? 'चोराच्या हाती चावी' असं काही मित्र म्हणतात. मला यात त्यांचा पूर्वग्रह जास्त दिसतो आणि लांडग्याची काळजी कमी. शिवाय चावी आजही त्यांच्याकडेच आहे, फक्त पगार नाही.

एक अट मात्र हवी. नोंद व्हॉट्सअ‍ॅपवर जाता कामा नये. गुहेची जागा फुटली की कोणीतरी धूर घालतो, पिल्लं आतच गुदमरतात. आणि मेंढरू गेलं तर पंचनामा त्याच दिवशी व्हावा. धनगराचा वाडा आठ दिवस एका जागी थांबत नाही.

त्या मुलाच्या वडिलांना मी हे सगळं सांगितलं. त्यांची दोन कोकरं गेली होती. कळवलं का, विचारलं, तर हसले. एकदा कळवलं होतं म्हणे, माणूस येईपर्यंत ते दोन गावं पुढे गेले होते. मग त्यांनी हात करून एक ओहोळ दाखवला. तिथं मादी आहे, चार पिल्लं आहेत. "कुणाला बोलू नका, गुरुजी."

मी अजून कुणाला बोललो नाही. बोलावं तर कुणाशी, हेच ठरत नाही.