आधी विचारा, मग हात लावा

टेरी विनोग्राड यांनी १९७०च्या सुमारास एमआयटीत ‘श्रडलू’ हा प्रोग्राम लिहिला. त्याचं जग म्हणजे पडद्यावरचे रंगीत ठोकळे आणि ते हलवणारा एक हात. ‘पिरॅमिड उचल’ म्हटलं आणि समोर पिरॅमिड अनेक असले, तर नेमका कुठला ते कळलं नाही, असं तो सरळ सांगायचा. आज आवाजावर दिवे, पंखे, कुलपं चालतात. हा गुण मात्र मागे पडतो आहे, याची आम्हाला काळजी वाटते.

२०२२मध्ये गूगलच्या ‘सेकॅन’ प्रयोगात पेय सांडल्याचं सांगताच रोबो स्पंज आणायला निघाला. कुठली कृती उपयोगी, हे भाषेचं मॉडेल जोखतं. त्या क्षणी ती रोबोला कितपत जमेल, याचा अंदाज वेगळा. दोन्हींच्या गुणाकारावर पुढचं पाऊल ठरतं. बोलणं असं हातांच्या कुवतीला बांधलेलं असणं आम्हाला फार मोलाचं वाटतं.

चुकून लागलेला दिवा मालवता येतो. रात्री उघडं राहिलेलं दार, चालू राहिलेली शेगडी यांचं तसं नाही. अशा कृतीआधी यंत्राने थांबून विचारलंच पाहिजे. आणि आजी, नातू, पाहुणा यांच्यापैकी कोणाचं ऐकायचं? तेही रचनाकारांनीच ठरवायचं आहे. या अंकातले लेख याच प्रश्नांना भिडतात.