वांगणीच्या घरांतला अभ्यास

रिझर्व्ह बँकेच्या नव्या मालिकेतली दहाची नोट १२३ मिलिमीटर लांब आहे, वीसची १२९, पन्नासची १३५, शंभरची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. डोळस माणसाला हे आकडे ठाऊक असण्याचं काही कारण नाही; तो रंग बघतो आणि नोट पुढे करतो. वांगणीतल्या कित्येक घरांत मात्र हे गणित बोटांच्या पेरांवर असतं. दोनशे आणि पाचशे यांच्यात जेमतेम चार मिलिमीटर. नोट मळून मऊ पडली किंवा कोपरा दुमडला, की फसगत ठरलेली. त्यात शंभरची जुनी नोटही अजून चालते आणि ती १५७ मिलिमीटर, म्हणजे नव्या पाचशेपेक्षा लांब! या घोळाबद्दल ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. पुढे १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून सांगणारं ‘मनी’ हे ॲप आणलं.

बदलापूर सुटलं की कर्जतच्या दिशेने पुढचं स्टेशन वांगणी. मुंबईतलं भाडं न परवडणारी अनेक दृष्टिहीन कुटुंबं इथल्या स्वस्त खोल्यांत येऊन राहिली. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने शाळेतल्या जुन्या मित्राला, आणि वस्ती वाढत गेली. पोटापाण्याचा धंदा लोकलमध्येच: कीचेन, रुमाल, पिना, कार्डांची पाकिटं. यांतल्या बऱ्याच घरांतली मुलं डोळस आहेत. आईबापांचा हात धरून त्यांना फलाटावर नेणारी, इंडिकेटर वाचून दाखवणारी ही मुलं वर्गात ‘मापन’ नावाचा धडा शिकतात तेव्हा पट्टी बाकावर आणि वहीवर फिरते. आईच्या बोटांना कळणारा चार मिलिमीटरचा फरक त्या धड्यात येत नाही. यायला हवा, इतकंच या लेखाचं म्हणणं.

घरातल्या गोष्टी, आजीच्या आठवणी, परंपरा वगैरेंना आपल्या शाळांत जागा नाही असं नव्हे. ती जागा स्नेहसंमेलनात असते. नऊवारी, फेटा, जात्यावर बसलेली छोटी आजी, फोटो, टाळ्या. दुसऱ्या दिवशी गणिताचा तास पूर्वीसारखाच सुरू होतो. वारसा वेगळा आणि अभ्यास वेगळा, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला खटकतही नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टुसॉन शहरात, लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच वाटणी मोडायचा प्रयत्न केला. त्यांचा गाजलेला लेख १९९२ चा. मेक्सिकन कष्टकरी वस्तीतल्या शिक्षकांनी मुलांच्या घरी जायचं, पण प्रगतिपुस्तक घेऊन तक्रार करायला नव्हे, तर या घराला काय काय येतं ते समजून घ्यायला. कुठे घरबांधणीचं ज्ञान निघालं, कुठे शेतीचं, कुठे औषधी वनस्पतींचं. एक मुलगा मेक्सिकोतून आणलेल्या गोळ्या-मिठाया विकतो असं कळल्यावर शिक्षिकेने वर्गात मिठाईवरच अभ्यास उभा केला. एका मुलाची आई वर्गात येऊन मिठाई करायला शिकवून गेली. त्यातून दोन देशांतल्या मिठायांमध्ये काय काय घालतात याची तुलना निघाली, हिशेब निघाले.

हे वाचून भारावून जाण्याआधी आपल्याकडचं आठवावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. माँटेसरीची महागडी साधनं आणायला पैसे नव्हते, म्हणून बिया, खडे, शिंपले, पानं हीच साधनं झाली. वारली मुलांच्या रोजच्या हाताळणीतली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत? मग शाळाच कुरणात गेली. पुढे १९९०च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या ‘विधायक संसद’ने वीटभट्ट्यांवरच मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यालाही वीटभट्ट्या परक्या नाहीत. दिवाळीनंतर आदिवासी कुटुंबं भट्टीवर जातात, मजुरी हजार विटांमागे ठरते, आधी घेतलेली उचल त्यातून वळती होते. नफा-तोट्याची काल्पनिक उदाहरणं सोडवणाऱ्या वर्गात हा एक खरा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. कोणाच्या हाती किती उरतं, हे पोरं स्वतःच काढतील.

नागरिकशास्त्राचंही तसंच. लोकलमध्ये परवान्याशिवाय वस्तू विकणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खाली गुन्हा आहे. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये झाला, पण रेल्वेची जागा आणि गाड्या त्यातून वगळल्या गेल्या. म्हणजे रस्त्यावर रुमाल विकणाऱ्याला जो कायदा आधार देतो, तो डब्यात रुमाल विकणाऱ्याला देत नाही. हक्क, कायदा, अपवाद हे शब्द पाठ करण्यापेक्षा या एका गुंत्यावर तासभर वाद घालणं केव्हाही बरं. वांगणीच्या वर्गात दोन्ही बाजूंनी बोलणारे निघतील. गर्दीच्या डब्यात फेरीवाल्याचा धक्का खाणारे नोकरदार पालकही आहेतच.

१७ एप्रिल २०२१ चा प्रसंग देशभर पाहिला गेला. वांगणी स्टेशनवर दृष्टिहीन आईसोबत चालणारं मूल रुळांवर पडलं, समोरून एक्स्प्रेस येत होती, आणि पॉइंट्समन मयूर शेळके धावत जाऊन त्याला वर ढकलून स्वतः कसाबसा फलाटावर चढला. बक्षिसाच्या रकमेतला अर्धा वाटाही त्याने त्या कुटुंबाला देऊ केला. शौर्यकथा म्हणून ती उत्तमच. पण भूगोलाच्या शिक्षकाने पुढचे प्रश्न विचारावेत. ती माय वांगणीतच का राहत होती? फलाटाच्या कडेला पायाला जाणवणारी खडबडीत पट्टी कशासाठी असते आणि आपल्या स्टेशनवर ती कुठून कुठपर्यंत आहे? कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला; तो नसता तर ही वस्ती इथे वसली असती का?

एक सावधगिरी मात्र हवी, आणि ती टुसॉनच्या लेखात सापडणार नाही. महाराष्ट्रातल्या वर्गात ‘तुझे आजोबा काय करायचे?’ हा प्रश्न निरागस नसतो. त्याच्या उत्तरात पुष्कळदा जात असते. बारा बलुतेदारांचं चित्र धड्यात छान गोलाकार दिसतं. त्याच व्यवस्थेची आतली बाजू दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये १९७८ साली आली, तेव्हा वाचणारे हादरले होते. एखाद्या मुलाला आजोबांचं काम चारचौघांत सांगायचं नसेल, तर त्याला न सांगण्याची मोकळीक असली पाहिजे. वंशवृक्षाचा तक्ता घरून भरून आणायला सांगणं तर टाळलेलंच बरं. ज्यांच्याकडे कुलवृत्तांत छापलेला आहे त्यांचा तक्ता भरेल, आणि भट्टीवरून आलेल्या पोराचा दोन पिढ्यांत संपेल. कामाबद्दल, प्रवासाबद्दल, पुराबद्दल विचारावं. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजाराहून जास्त प्रवासी बाहेर काढावे लागले. त्या दिवशी तुमच्या दारात पाणी कुठवर होतं, हा प्रश्न प्रत्येक घराला सारखाच लागू पडतो. पलीकडे उल्हासनगरात विचारायचं झालं तर फाळणीनंतर सिंधमधून येऊन लष्करी छावणीच्या बराकीत संसार मांडणाऱ्यांच्या नातवंडांना विचारावं. पत्त्यातला ‘कॅम्प नंबर’ कुठून आला, यापासून सुरुवात होऊ शकते.

आता हे करणार कोण? शिक्षकांवर मतदारयाद्या, पोषण आहाराचे हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं यांचं ओझं आधीच आहे, आणि त्यात ‘घरभेटी’ असा आणखी एक रकाना आला तर तोही नुसता भरला जाईल. राज्याने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. म्हणजे वेळापत्रकात फट आहे. अडचण वेगळीच आहे. शनिवारी सकाळी वांगणीचे फेरीवाले लोकलमध्ये असतात आणि भट्टीवाले भट्टीवर. त्यांना शाळेत बोलवायचं तर दिवसाची कमाई बुडते. त्यामुळे पालक शाळेत येण्याऐवजी मुलांनीच चार प्रश्न वहीत लिहून घरी न्यावेत, संध्याकाळी उत्तरं घ्यावीत, आणि सोमवारी गणिताच्या बाईंनी ती वही मागावी.