लाल ठिपका कुठे गेला?

आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले, तो हा रेडा. तिथे हात जोडणारा पुरावा मागत नाही आणि मागूही नये. तो श्रद्धेचा प्रांत. अडचण एवढीच, की जिथे पुरावा मागायला हवा तिथेही आपण हात जोडूनच मोकळे होतो.

उदाहरण अगदी लहान घेऊ. सुटीत घरातला मुलगा प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून स्पिटफायर विमान तयार करतो. बहात्तरास एक या प्रमाणात त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास भरतात. खोक्यावरचे चित्र पाहून तो निळ्या वर्तुळात लाल ठिपका बसवतो आणि म्हणतो, "हे आपल्या वायुदलाचं, ब्रह्मदेशातल्या लढाईतलं!"

इथेच चूक होते. जपानी विमानांवर मोठा लाल गोळा असे. घाईगर्दीत लाल रंग दिसला, की आपलीच माणसे आपल्याच विमानावर गोळ्या झाडणार. या भीतीने पूर्व आघाडीवरच्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरून युद्धाच्या मध्यावर लाल रंग काढून टाकण्यात आला. उरले गडद निळे आणि फिके निळे. पुढे १९४५ मध्ये पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे आले. म्हणजे तो ठिपका शोभेचा नव्हता; त्यावर वैमानिकाचा जीव टांगलेला होता.

मग जुना फोटो पाहावा म्हटले, तर तोही फसवतो. त्या काळच्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे. त्यांवर लाल काळाकुट्ट उमटे, पिवळा गडद होई आणि निळा फिका पडे. दुसऱ्या फिल्मवर तेच वर्तुळ निराळे दिसे. म्हणून फोटो कधीचा, कुठला, शेपटीजवळचा क्रमांक कोणता, त्या दिवसाच्या तुकडीच्या नोंदवहीत काय लिहिले आहे, हे सारे जुळवावे लागते.

नावेही चकवतात. ब्रिटिश वायुदलाच्या १२२ क्रमांकाच्या तुकडीला 'बॉम्बे' आणि १२४ क्रमांकाच्या तुकडीला 'बडोदा' हे नाव होते. दोन्हींकडे स्पिटफायर होती. पण ती नावे इथून गेलेल्या देणग्यांची. या तुकड्या लढल्या युरोपात. याउलट १९४४ मध्ये इंफाळला अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली हरिकेन विमाने घेऊन लढलेली पहिली तुकडी खरोखर भारतीय. ब्रह्मदेशच्या आघाडीवर हृषीकेश मुळगावकरही होते. पुढे काश्मीरच्या लढाईसाठी त्यांना महावीरचक्र मिळाले आणि १९७६ मध्ये ते वायुदलप्रमुख झाले.

"एवढ्याशा खेळण्यावरचा रंग कोण बघतंय?" असे कोणी म्हणेल. खरे आहे, कोणी बघत नाही. पण कोणी बघत नसताना नीट केलेले काम, हेच तर मुलाला शिकवायचे असते. पुस्तकात छापले म्हणून खरे, खोक्यावर काढले म्हणून खरे, ही सवय एकदा लागली की ती विमानापुरती राहत नाही. किल्ले, घराणी, लढाया, सगळीकडे ती आडवी येते.

आणि पुरावा दर वेळी विलायतेतच असतो असे नाही. त्या युद्धात वैमानिकांहून कितीतरी अधिक माणसे जमिनीवर राबत होती. इंजिन दुरुस्त करणारी, गोळ्या भरणारी, पंखावरचा लाल रंग पुसून निळा देणारीही. त्यांची नावे इतिहासात नाहीत, पण त्यांच्या लोखंडी ट्रंका आपल्या माळ्यावर असू शकतात. दिवाळीच्या साफसफाईत त्यातला विमानापुढे उभ्या राहिलेल्या आजोबांचा पिवळा पडलेला फोटो रद्दीत जातो, आणि एक साक्षीदार कायमचा मुका होतो.

या रविवारी ती ट्रंक उघडा. फोटो निघालाच, तर मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. साल ठाऊक नसेल, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा.