मालकी सरकारची, की समाजाची?

दादरच्या कोहिनूर स्क्वेअर या गगनचुंबी संकुलाशी सानगडीच्या धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा संबंध काय, असा प्रश्न आपल्यापैकीच एखादा कार्यकर्ता विचारील. संबंध आहे, आणि तो समाजवाद्यांना अडचणीत टाकणारा आहे. ज्या भूमीवर हे मनोरे उभे आहेत, ती एके काळी जनतेच्या नावावर होती.

इतिहास असा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. १९८३ मध्ये केंद्र सरकारने तेरा गिरण्यांची व्यवस्था आपल्या हाती घेतली. त्यांत कोहिनूर होती. १९९५ च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले आणि भांडवलदाराचे नाव कागदावरून पुसले गेले, याचे आपल्यातील अनेकांना समाधान वाटले. पण अवघ्या दहा वर्षांत, २००५ साली, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने कोहिनूर क्रमांक तीनची सुमारे पाच एकर जागा ४२१ कोटी रुपयांना विकून टाकली. घेणारे तिघे: माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे चिरंजीव उन्मेष जोशी यांचा समूह, राज ठाकरे यांची मातोश्री कंपनी आणि आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था. या वित्तसंस्थेत आयुर्विमा महामंडळाचा मोठा वाटा होता. म्हणजे सानगडीच्या शिक्षकाने भरलेल्या हप्त्याचा अंशही त्या पायाभरणीत असू शकेल. त्याला कोणी विचारले होते काय?

पुढे राज ठाकरे बाहेर पडले, आयएल अँड एफएसने आपला हिस्सा तोट्यात विकला आणि २०१८ मध्ये ती संस्थाच कोसळली. २०१९ साली अंमलबजावणी संचालनालयाने या व्यवहारांची चौकशी आरंभली. कर्ज थकले, संकुल जोशींच्या हातून निसटले आणि ज्यांनी त्याचा आराखडा केला त्या संदीप शिक्रे यांच्या वास्तुशिल्प संस्थेकडे गेले. मालक बदलत गेले. मालकांच्या या यादीत ज्याचे नाव एकदाही आले नाही, तो मात्र कामगार!

आराखड्याचीही हीच कथा. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी मिळावयाचा होता. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार मांडला. तो बासनात गेला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ रिकाम्या जागेपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. आज तेथे पन्नासहून अधिक मजल्यांचा मनोरा आहे, कचेऱ्या आहेत, आणि महापालिकेचा सार्वजनिक वाहनतळ आहे. मोटारीला जागा मिळाली. घरासाठी अर्ज केलेले दीड लाखांहून अधिक गिरणी कामगार व त्यांचे वारस यांतील बहुतेक अजून वाटच पाहत आहेत, आणि त्यांना शेलू-वांगणीची दिशा दाखविली जात आहे.

खासगी लोभाला शिव्या देऊन आपण मोकळे होऊ नये. जमीन विकली ती सरकारने. आपली चूक ही, की सरकारी मालकीलाच आपण सामाजिक मालकी समजलो. भंडारा जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. येथील मालगुजारी तलाव १९५० च्या कायद्यानंतर सरकारजमा झाले. मालगुजार गेला हे योग्यच झाले. पण पाळ राखण्याची, गाळ काढण्याची गावाची रीतही मोडली आणि तिच्या जागी आलेल्या खात्याला तलावाची आस्था नव्हती. गावाचा तलाव खात्याचा झाला. कामगारांची गिरणी महामंडळाची झाली. जे खात्याचे असते, ते एका सहीने कोणाचेही होऊ शकते.

म्हणून केवळ ‘राष्ट्रीयीकरण करा’ ही घोषणा आता पुरेशी नाही. सार्वजनिक भूमीची कायम विक्री बंद झाली पाहिजे. देणे भागच असेल तर मुदतीच्या भाडेपट्ट्याने, करार जाहीर करून द्यावी. तिच्यावर राबणाऱ्यांची व राहणाऱ्यांची संमती कायद्याने बंधनकारक असावी. गिरणी कामगाराला घर मिळावे ते मुंबईतच. आणि या मागणीचा आरंभ सानगडीच्या कार्यकर्त्याने आपल्या ग्रामसभेपासून करावा: गावाचा तलाव, गावाचे गायरान कोणाच्या नावावर आहे, आणि त्याविषयी निर्णय कोण घेतो, हे आधी विचारावे. तेथे जो गप्प राहील, त्याला दादरच्या मनोऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार नाही.